दोन कवाडांचं स्वस्तिक

तेलात कालवलेल्या कुंकवाचा वास आला की मी झरी गावातल्या आमच्या दारात पुन्हा नवी नवरी होऊन उभी राहते.

लग्नानंतरचा पहिला पाडवा होता. सासूबाईंनी वाटी पुढं केली. "एका कवाडावर तू काढ, दुसऱ्यावर मी काढते." घाबरलेल्या हातानं माझं स्वस्तिक डावीकडं वळलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, उलटं झालं की. सूर्य असा फिरतो व्हय?" काढलेलं कुंकू पुसायचं नसतं. मला रडूच यायला लागलं.

सासूबाईंनी दुसऱ्या कवाडावर शांतपणे तसंच उलटं काढलं. "आमच्यात असंच हाय. सूर्य दारात आल्याशी मतलब."

तेव्हा वाटलं, त्यांनी माझी चूक झाकली. स्वस्तिक म्हणजे 'भलं होवो', मग ते कुठंही वळो, हे कळायला लय वर्षं गेली. आम्ही मात्र दर पाडव्याला उलटंच काढत राहिलो.

आज नव्या सुनेनं तिच्या कवाडावर सुलटं काढलं आणि माझ्या कवाडावरची गेल्या वर्षीची पुसट उलटी खूण बघून दचकली. "आई, माझं चुकलं का?"

मी कुंकवात बोट बुडवलं आणि तीस वर्षांत पहिल्यांदाच माझं स्वस्तिक उजवीकडं वळवलं.

"न्हाई गं. आपल्यात असंच हाय."