अक्कासाठी डीव्हीडी रायटर

माझ्या कॉम्प्युटरचा डीव्हीडी रायटर गेला, तेव्हा घरात कुणालाच वाईट वाटलं नाही. मुलगा म्हणाला, "आई, आता सीडी वापरतं कोण?" सून म्हणाली, "आई, पेनड्राइव्हवर घ्या ना." मी चेहरा असा केला की सून भाजी चिरायला निघून गेली.

सीडी वापरते माझी अक्का. माझी थोरली बहीण. ती मिरजेला तिच्या मुलाकडे असते. काचबिंदूनं तिची नजर गेली, त्याला बरीच वर्षं झाली. तिच्याकडे जुना सीडी प्लेअर आहे, वर झाकण आणि पुढे एक मोठं गोल बटण. तेवढं तिच्या बोटांना ठाऊक आहे. मोबाइलच्या गुळगुळीत काचेवर तिची बोटं नुसती चाचपडतात. पेनड्राइव्ह एकदा देऊन पाहिला, तो तिच्या हातून निसटून कपाटाखाली गेला आणि तिच्या सुनेला झाडूनं काढावा लागला. म्हणून मी पुण्याला होते तेव्हापासून तिच्यासाठी पुस्तकं वाचते, कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करते, सीडीवर उतरवते आणि टपालानं पाठवते. सहकारी बँकेत नोकरी केली मी. बँकेत कॉम्प्युटर आले तेव्हा खात्यातले पुरुष नाकं मुरडत होते आणि मी शिकून मोकळी झाले. निवृत्त झाल्यावर स्वतःसाठी पहिली वस्तू घेतली ती हा डेस्कटॉप. कादंबऱ्या, प्रवासवर्णनं, दिवाळी अंक, सगळं अक्काला वाचून दाखवलं.

मग पुण्याच्या घरी मी न्हाणीघरात पडले. खुबा मोडला. मुलगा विमानानं आला, ऑपरेशन करवलं, आणि मी काठीशिवाय चालायला लागल्यावर मला कोलकात्याला घेऊन आला. कॉम्प्युटर सामानाच्या ट्रकनं मागून आला. पुण्याच्या घरात भाडेकरू ठेवले. "थोडे दिवस" असं ठरलं होतं. हे थोडे दिवस कुठं संपतात, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आमची इमारत बागबाजारात आहे. मजल्यावरच्या शेजारीणबाई पहिल्याच दिवशी मला हसत हसत म्हणाल्या, तुमचे मराठे लुटायला यायचे म्हणून आमच्या लोकांनी इथूनच खंदक खणायला घेतला होता. मीही हसले. मनात म्हटलं, बाई, तेव्हा आम्हाला आत येऊ देत नव्हता, आता बाहेर जाऊ देत नाही.

खरं तर मला कुणी कोंडलेलं नाही. फ्लॅटच्या दाराबाहेर लोखंडी जाळीचं घडीचं गेट आहे, त्याची एक किल्ली माझ्यासाठी खिळ्याला लावलेली असते. पण मी बाहेर निघाले की वॉचमन मुलाला फोन करतो. मुलगा मला फोन करतो. सून ऑफिसातून फोन करते. रस्त्यावर कुणाशी बोलायचं तर माझं हिंदी बँकेतलं आणि बांगला शून्य. एकदा कोपऱ्यावरून कोथिंबीर घेऊन आले तर संध्याकाळी घरात बैठक बसली. सगळे प्रेमानंच बोलत होते. कुणी वाईट वागलं असतं तर भांडता तरी आलं असतं. ही माणसं इतकी चांगली आहेत की माझा जीव गुदमरतो.

अक्काशी फोनवर बोलता येतंच की, असं कुणीही म्हणेल. येतं. दर रविवारी. इकडे मुलगा स्पीकर चालू करतो, तिकडे भाचा स्पीकर चालू करतो, आणि दोन्हीकडची माणसं भोवती बसून आम्हा दोघींना बोलवतात. "कशी आहेस?" "मजेत. तू?" "मी पण मजेत." हवा, गुडघे, नातीची परीक्षा. झालं. म्हणून सीड्या मला सोडायच्या नव्हत्या. दुपारी घर रिकामं असताना मी माइकसमोर मराठीत तासभर मोठ्यानं वाचायची. या शहरात माझा आवाज तेवढा वेळच मोठा व्हायचा.

तर रायटर गेला. सीडी लिहिता लिहिता शेवटाकडे यायचा आणि जीभ बाहेर काढल्यासारखा ट्रे बाहेर काढायचा. सीडी फुकट. माझी कुरकुर ऐकून मुलानं मला न विचारता एक बाहेरून जोडायचा रायटर मागवला. काळा, चपटा, दिसायला गोड. तो यूएसबीवरच वीज घेतो आणि माझ्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरच्या यूएसबीत तेवढा दम नाही. तबकडी फिरायला लागायची आणि थकून थांबायची. मुलाच्या लॅपटॉपवर तो मस्त चालला.

"मग प्रश्नच मिटला," मुलगा म्हणाला. "माझा जुना लॅपटॉप तू घे. डेस्कटॉप काढून टाकू. तेवढीच तिच्या अभ्यासाच्या टेबलाला जागा होईल."

ती म्हणजे नात. खोली आम्हा दोघींची आहे, आणि टेबल तिला खरंच हवं होतं. मुलाचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. मला इतका राग आला की मी जेवताना मीठ मागितलं नाही, तशीच आमटी खाल्ली. घरातून, गावातून, स्वयंपाकघरातून मी निघालेच होते. आता माझं म्हणून उरलं होतं ते हे एक खोकं, आणि ते गेलं की अक्काही गेली, असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सगळे गेल्यावर मी कॉम्प्युटरची बाजूची पट्टी उघडली, स्क्रू काढले, मेलेला रायटर बाहेर काढला आणि कापडी पिशवीत घालून मेट्रोनं इथल्या, कोलकात्याच्या चांदनी चौकातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेले. फोन घरी ठेवला. मुद्दाम.

त्या बाजारात दुकानं कसली, वायरींचे, रिमोटचे आणि कीबोर्डचे ढीग आणि त्यांच्या आड बसलेली माणसं. पहिल्या दोघांनी माझा रायटर पाहून नुसती मान हलवली. तिसरा जेवत होता. भाताचा घास हातात धरूनच त्यानं मागची रुंद जागा पाहिली, जिथं फितीसारखी चपटी केबल बसते.

"माशिमा, एई जिनिश आर पाबेन ना," तो म्हणाला. एवढं बांगला मला कळलं. मावशी, ही वस्तू आता मिळायची नाही.

मी म्हटलं, "देखिए ना."

जेवण संपवून, हात धुऊन त्यानं दोन डबे पुढे ठेवले. एकात जुना, कुणाच्या तरी कॉम्प्युटरमधून काढलेला रायटर. अगदी माझ्यासारखाच, तीच रुंद केबल, बसवला की झालं. पण आज चालेल, उद्या चालेल की नाही याची हमी नाही. दुसरा नवा कोरा. त्याची केबल अरुंद, विजेची पिनही वेगळी, म्हणजे मध्ये एक छोटा कन्व्हर्टर जोडावा लागणार. हा कितीही वर्षं चालेल, तो म्हणाला, पण तुमचा कॉम्प्युटर त्याच्या आधी जाईल.

"किसके लिए चाहिए?"

"बहन के लिए. उसको दिखता नहीं. मैं पढ़के भेजती हूँ."

"फोन ले दीजिए उनको," तो म्हणाला. जगात सगळ्यांकडे हाच सल्ला आहे.

मी दोन्ही हातात घेऊन उभी राहिले. बराच वेळ. मागे गिऱ्हाईक आलं, त्यानं माझ्या डोक्यावरून हात घालून माउस घेतला आणि ते गेलं, तरी मी उभीच. कितीतरी महिन्यांत कुणी मला दोन वस्तू दाखवून यातली तुम्हाला कुठली हवी, असं विचारलं नव्हतं. शेवटी नवा घेतला. जाऊ दे कॉम्प्युटर आधी. हार मानायची पहिली पाळी माझी नको.

घरी आले तर वॉचमन, शेजारीणबाई आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेला मुलगा, तिघं जिन्यात. मुलाचे डोळे लाल होते. "आई, सांगून जायचंस गं," एवढंच म्हणाला. त्यानं ओरडायला हवं होतं. मी सॉरी म्हटलं आणि खोलीत जाऊन रायटर बसवला. कन्व्हर्टर उलटा लावला, परत काढला, सुलटा लावला. त्याच संध्याकाळी एक सीडी नीट लिहून झाली.

मला राहवलं नाही. रविवारची वाट न बघता मिरजेला फोन लावला. भाच्याच्या बायकोनं, म्हणजे अक्काच्या सुनेनं, उचलला आणि अक्काच्या हातात देऊन ती गच्चीवरचे कपडे काढायला गेली. मी एका दमात सगळं सांगितलं: बाजार, केबल, कन्व्हर्टर. आणि अर्धी राहिलेली कादंबरी उद्यापासून पुढे.

अक्का म्हणाली, "अगं, एक सांगू? रागवू नकोस. कादंबरी मी ऐकतच नाही."

"म्हणजे?"

"ती सुरू झाली की माझा डोळा लागतो. पहिल्यापासूनच. तू आधी बोलायचीस ना, पुस्तक उघडायच्या आधी, खुर्ची सरकवत, खोकत? पाणी आलं नाही, खालचा कुत्रा भुंकतोय, आज कारल्याची भाजी बिघडली. तेवढं मी ऐकायची. परत परत लावून ऐकायची."

मी भडकले. एवढी पुस्तकं! घसा बसेपर्यंत वाचलेली! तिला तसं बोललेही.

"ओरड," अक्का म्हणाली. "पण कोलकात्याला गेल्यापासून तू ते बोलतच नाहीस. पुस्तकाचं नाव घेतेस आणि सुरू करतेस. मला दिसत नाही गं, ऐकू येतं. काय झालंय तुला?"

तिकडे सून परत आल्याचा आवाज आला. अक्का लगेच म्हणाली, "हो, हो, मजेत आहोत सगळे." मीही म्हटलं, "मजेत." फोन ठेवला.

मुलगा हॉलमध्ये टीव्ही पाहत होता, सून आणि नात त्याच्याजवळ. खोलीचं दार उघडं होतं. एरवी मी रिकाम्या घरातच रेकॉर्ड करते, पण दुपारपर्यंत थांबले असते तर पुन्हा पुस्तकच उघडलं असतं. कादंबरी बाजूला सरकवली, माइक जवळ ओढला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं.

"अक्का," मी म्हटलं, "मला इथं करमत नाही. मला घरी जायचंय."

हॉलमधला टीव्हीचा आवाज एकदम बंद झाला. मी मागे वळून पाहिलं नाही. पुढचं बोलायला लागले.