राज्य कुणाचं

आप्पांनी आईला शेवंतीच्या क्रेटपुढं गुडघ्यावर बसवलं आणि विचारलं, "काल सांजच्याला कुणाचं राज्य मागत हुतीस गं?"

आई म्हणाली, "कुणाचं न्हाई, आप्पा. पार्थना हुती."

"मुकादमानं सोताच्या कानानं ऐकलंय. तुझं राज्य येऊ दे म्हणं. कुणाचं? कुठला राजा आणतीस गावात?"

शेडात फुलं भरणाऱ्या बायका होत्या. आधी मुकादम हसला. मग त्या हसल्या. मी सातवीत होते. त्या दिवशी शाळा बुडवून फुलं तोडायला गेले होते, कारण बाजार मोठा होता आणि आप्पांनी सगळ्यांना बोलावलं होतं. माझा बाप तिथंच टेम्पोत क्रेट चढवत होता. त्यानं बघितलं नाही. एक क्रेट ठेवला, दुसरा उचलायला वाकला.

"हितं राज्य कुणाचं हाय?"

"तुमचं, आप्पा."

"मोठ्यानं. बायांना ऐकू जाऊ दे."

"तुमचं, आप्पा."

"आता नाक घास."

आईनं नाक घासलं. खाली कोबा होता, पाणी सांडलेला, पाकळ्या चिकटलेला. ती उठली तेव्हा नाकाला एक पिवळी पाकळी लागली होती. कुणी सांगितलं नाही तिला.

मग आप्पांची नजर माझ्यावर आली. "पोरगीबी म्हणत असंल की. तिलाबी शिकव."

मला वाटलं, आता आई नाही म्हणेल. आईनं माझ्या मानेवर हात ठेवला आणि खाली दाबला. हात आईचा होता. आप्पांनी मला बोटसुद्धा लावलं नाही. त्यांना कशाला लावावं लागतंय?

आम्ही मातंग. भांडगावच्या अलीकडं, हायवेपासून आत आमचं गाव. वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. वस्तीतली सगळी माणसं आप्पांच्या मळ्यात राबायची. आईचं माहेर शिरूर तालुक्यात, केंदूरला. माझा थोरला भाऊ तिथंच तापानं गेला. तेव्हा शिरूरची एक ख्रिस्ती नर्सबाई घरी आली. आईच्या शेजारी जमिनीवर बसली. पाणी मागितलं आणि आमच्या तांब्यातलं घटाघटा प्यायली. लोक म्हणतात माणूस बाप्तिस्म्याच्या पाण्यानं ख्रिस्ती होतो. माझी आई त्या तांब्यातल्या पाण्यानं झाली.

त्या नर्सबाईनं आईला प्रभूची प्रार्थना शिकवली. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिनं जात्यावरच्या ओवीसारखी पाठ केली. शेडातल्या त्या दिवसानंतर आई प्रार्थना करायची, पण राज्याची ओळ आली की गप्प बसायची. श्वास घ्यायची आणि एकदम पुढं जायची. रोजच्या भाकरीपाशी.

मी विचारलं, "ती वळ का सोडतीस?"

"भित्तीला कान असत्यात," ती म्हणाली.

दौंडच्या चर्चमध्ये आम्ही पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, आईच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "बाई, देवाचं राज्य अंतःकरणात असतं. त्यांना क्षमा करा." आईनं मान डोलावली. मी आईकडं बघत होते. आप्पा काही अंतःकरणात नव्हते. आप्पा शेडात होते. आईचं नाक कोब्यावर होतं.

बाप गेला. माझं लग्न झालं. नवरा हायवेवर एका ट्रकखाली गेला. मी परत आईकडं आले. तोवर आप्पा खाटेवर पडले होते आणि सगळा कारभार त्यांच्या लेकाकडं आला होता. त्याला सगळे दादा म्हणतात. दादा मळा बघतात आणि कुरकुंभच्या एका कंपनीत लेबर पुरवतात. वस्तीतल्या आम्ही बायका त्यांच्याच हाताखाली पॅकिंगला लागलो. पावडरची पाकिटं भरायची. तोंडाला फडकं बांधलं तरी संध्याकाळी थुंकी पांढरी यायची. गावच्या नळाचा व्हॉल्व्हमनसुद्धा दादांचाच माणूस.

कंपनीत मशीन एका सुरात चालायचं. त्या सुरावर मी मनात प्रार्थना म्हणायचे. एक दिवस त्या ओळीपाशी हात थांबला. पाकीट मशीनखालून तसंच रिकामं पुढं गेलं. सुपरवायझर ओरडला. माझं लक्ष नव्हतं. मला कळलं होतं की जो माणूस रोज दुसऱ्या राजाचं राज्य मागतो, तो आजच्या राजाला सांगत असतो की तुझं संपणार. आप्पांना हे आमच्या पाळकांच्या आधी कळलं होतं. म्हणूनच त्यांनी नाक घासायला लावलं. त्या गावात ती प्रार्थना खरी मानणारा पहिला माणूस आप्पाच.

त्या दिवसापासून मी ती ओळ मोठ्यानं म्हणू लागले. घरात, दार उघडं ठेवून. आई उठून बाहेर जायची.

मग ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. दादांची बायको उभी राहिली. दादांनी वस्तीतल्या सगळ्यांना खंडोबाच्या देवळात बोलावलं. ताटात भंडारा, बेल, नारळ. एकेकानं पुढं यायचं, बेलभंडारा उचलायचा आणि शपथ घ्यायची की मत वहिनीलाच. एकदा उचलला की माणूस फिरत नाही, हे दादांना माहीत. दोन-तीन पोरं मोबाईल धरून उभी होती. कोण उचलतंय, कोण नाही, ते बघायला.

खंडोबाशी माझं भांडण नव्हतं. आजही नाही. खंडोबानं कुणाला मत मागितलं नव्हतं.

आई माझ्या पुढं होती. तिनं उचलला. माझ्याकडं न बघता बाजूला झाली.

"उचल," दादा म्हणाले.

"न्हाई, दादा."

"का गं? देवाचं वावडं हाय व्हय?"

"आमच्यात शपथ घेत न्हाईत. व्हय तर व्हय म्हणायचं, न्हाई तर न्हाई. आन् मत माझं हाय."

"तुझं?" दादा ताट घेऊन पायरीवरून खाली आले. "तुझं काय हाय गं हितं? काम माझं. नळ माझा. ज्या जागंवर पाठ टेकतीस ती जागा आमच्या बापाची. तुझ्या आईला इचार, राज्य कुणाचं हाय ते. तिनं शेडात सांगितलं हुतं, समद्यांसमोर."

आई खाली बघत उभी होती.

"तिनं सांगितलं असंल," मी म्हणाले. "मी न्हाई सांगणार. मी दुसऱ्याच्या राज्यात हाय."

माझा आवाज फाटला. ऐटीत बोलले असं नाही.

दादांनी मूठ भरली आणि भंडारा माझ्या डोळ्यांत मारला. उडवला नाही, मारला. मग सगळं ताट डोक्यावर पालथं केलं. नारळ खांद्यावर आपटला. डोळ्यांत आग. काही दिसेना. ऐकू मात्र सगळं येत होतं.

"मांगीण ती मांगीणच. येशू म्हणं! आता झाली का न्हाई आमची? बोलवा तिच्या राजाला, डोळं पुसायला."

लोक हसले. माझ्याबरोबर पॅकिंगला बसणाऱ्या बायकासुद्धा. त्यांचं हसणं मला ओळखू येत होतं. लहानपणी शेडात ऐकलेलं. पण ओळखीचं झालं म्हणून ते कमी लागत नाही.

मी डोळे मिटून तिथंच उभी राहिले आणि म्हटली. सगळी प्रार्थना. स्वर्गातल्या बापापासून. राज्याच्या ओळीला आले तेव्हा कुणीतरी पाठीत लाथ घातली. पडले. पडल्यावर उरलेली म्हटली.

राजा काही आला नाही डोळे पुसायला. हे मी लपवणार नाही. चाचपडत मीच घरी गेले. माठातलं पाणी मीच डोळ्यांवर मारलं. नळ दुसऱ्या दिवसापासून बंद झाला.

मी घरी पोचायच्या आत व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर गेला होता. मग कंपनीच्या ग्रुपवर. खाली हसणारी तोंडं. गेटवर वॉचमन म्हणाला, "दादांना भेटून या, मगच आत." वॉचमन बिहारचा, बिचारा. हळूच म्हणाला, "दीदी, माफी माँग लो ना."

आई म्हणाली, "तुझ्या जिभंपायी माझ्या तोंडचा घास गेला." तिनं गाठोडं बांधलं आणि केंदूरला भावाकडं निघून गेली. मी एसटीपर्यंत सोडायला गेले. ती खिडकीत बसली. मागं वळून बघितलं नाही.

मी पोलीस ठाण्यात गेले. डोळे अजून लाल होते. साहेबांच्या मोबाईलवर तो व्हिडिओ आधीच आलेला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मोबाईलकडं बघितलं. "तू व्हय ती," म्हणाले. ओठ दाबून हसले.

"जात?"

"मातंग."

"जातीवरनं बोलला?"

"समद्यांसमोर. त्याच्यात आवाज हाय, ऐका."

"धर्म?"

"ख्रिस्ती."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "नीट ऐक. तू हिंदू मातंग म्हणून तक्रार दिलीस तर ॲट्रॉसिटी लागती. आत जाईल तो. ख्रिस्ती म्हणालीस तर ते कलमच बसत न्हाई. कायदाच तसा हाय, मी केला न्हाई. तुझ्या दाखल्यावर हिंदूच असंल की. मग काय लिहू?"

खरं होतं. दाखल्यावर हिंदू होतं. एक शब्द बोलायचा होता. एका शब्दात दादा कोठडीत. मला ते बघायचं होतं. देवाशप्पथ नाही म्हणत, पण बघायचंच होतं. दादांना बाकड्यावर बसलेलं, घाम पुसताना.

मांगीण म्हणताना दादांनी दाखला बघितला नव्हता. लाथ घालणाऱ्यानं धर्म विचारला नव्हता. गाव मला मांग म्हणून मारतं, आणि कायदा विचारतो, मांग असशील तर तुझ्या प्रभूला दारात सोडून ये. दोघांनाही तेच पाहिजे होतं. दादांना ताटावर, कायद्याला कागदावर. मी कुणाची, ते माझ्या तोंडून त्यांच्या सोयीनं वदवून घ्यायचं.

"ख्रिस्ती लिहा," मी म्हणाले.

"येडी हायस का? मग नुसती शिवीगाळ, मारहाण. दुपारच्याला सुटंल तो."

"सुटू द्या. पण लिहा."

"मिटवून टाक. मी बोलतो दादांशी."

"लिहा, साहेब."

मी बाकावर बसून राहिले. जेवायची सुट्टी झाली. कुणी उठ म्हणालं तर म्हणायचे, लिहून झाल्यावर उठते. संध्याकाळी लिहिलं. साधं कलम. दादा आले, चहा प्याले, गेले. जाताना माझ्यापुढं थांबले. "तुझा राजा लई गरीब दिसतोय," म्हणाले.

वहिनी निवडून आल्या. मिरवणूक मुद्दाम वस्तीतून नेली. माझ्या दारात डीजे थांबवला. भिंत हादरून पोपडे पडले. त्या रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेब म्हणाले, "थोडे दिवस दौंडला राहा. वातावरण निवळू द्या." मी म्हणाले, "साहेब, दर रविवारी तुम्ही आम्हाला एक ओळ म्हणायला लावता. ती नुसती म्हणायची असंल तर आधी सांगायचं होतं."



आता मी हायवेवरच्या एका ढाब्यावर भांडी घासते. प्यायचं पाणी तिथूनच कळशीनं आणते. केस चालू आहे. साक्षीला कुणी येत नाही. वस्तीतल्या बायका रस्त्यात भेटल्या तर पदर पुढं ओढतात. पाळकसाहेबांनी अजून उत्तर दिलेलं नाही. आई फोन उचलत नाही.

मी क्षमा केली का, असं लोक विचारतात. आधी गुन्हा कबूल करा म्हणावं. मग बघू.

मी गाव सोडणार नाही. प्रत्येक तारखेला कोर्टात उभी राहणार. धर्म विचारला तर ख्रिस्ती सांगणार, जात विचारली तर मातंग सांगणार. दोन्हींतलं एकही खोडणार नाही, कायद्याला जड जावो नाहीतर गावाला. पुढच्या निवडणुकीला दादा परत ताट घेऊन येतील. येऊ देत. मी दार लावणार नाही, आणि उचलणार नाही.