बाडमेरचा टॉवेल

दूर वाळवंटातल्या बाडमेरची नोकरी मिळाली तेव्हा मला आनंदाआधी शंका आली. डिप्लोमाची परीक्षा नुकतीच संपली होती. सोलर प्रकल्पाच्या देखभालीचं काम, कायमची नोकरी, राहणं-जेवण कंपनीचं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. मला कोणी एवढं सगळं का देईल, हेच कळेना. कॉलेजचे सर म्हणाले, संधी आहे, सोडू नकोस. होकार सोमवारपर्यंत कळवायचा होता.

आमचं घर थळला, किनाऱ्यालगत. शेजारी एवढा मोठा खताचा कारखाना, पण तिथे ओळखीतल्या सगळ्यांना ठेकेदाराकडचंच काम मिळालेलं. म्हणजे थांबले तर तेच. गेले तर समुद्र नाही, मासळी नाही, आपली भाषा नाही. बाबांनी होडीवरून येऊन एवढंच विचारलं, "तिथं वारा कुठला?" मीही तो प्रश्न कंपनीला विचारायला हवा होता की काय, असं उगाच वाटून गेलं.

माझ्या पुढच्या वर्गातली, पेणकडची एक मुलगी वर्षभरापासून तिथे त्याच नोकरीत होती. रविवारी दुपारी तिला व्हिडिओ कॉल लावला. ती खोली दाखवत होती. पंखा, दोन पलंग, कपाट. आई माझ्या खांद्यावरून बघत होती. अचानक म्हणाली, "थांब, थांब. मागं ने फोन. त्ये काय लटकलंय?"

खिडकीपासून कपाटापर्यंत दोरी होती आणि तिच्यावर ओले कपडे.

"वाळवंटात हाय ना गो तू? मंग कपडे घरात कशाला?"

ती हसली. "काकी, बाहेर धूळ असते. आंधी येते."

आईने माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर ती बांबूच्या वलांडीवर बोंबील टांगत आली आहे. ढग दिसला की धावते, ऊन पडलं की धावते. बाहेर कडक ऊन असताना कोणी माल झाकून ठेवला, तर किनाऱ्यावरच्या बायका एकच अर्थ काढतात: माल खराब आहे. फोनच्या पडद्यावर ढीगभर ऊन होतं आणि कपडे आत होते.

"पोरींना भायेर सोडत न्हाईत," ती मला हळूच म्हणाली. इतकं हळू की पलीकडे स्पष्ट ऐकू गेलं.

"सोडतात हो काकी! रोज साइटवर जातो की आम्ही."

"मंग येक ओला टॉवेल भायेर टाक. वाळला का दाखव."

मला लाज वाटली. पण मी फोन ठेवला नाही, कारण मलाही बघायचं होतं. ती टॉवेल भिजवून निघाली. जिन्यात थांबली, खाली ओरडून कोणाकडून तरी चावी मागितली.

"चावी कशाची?" मी विचारलं.

"गच्चीची. कुलूप असतं."

"का?"

"वर पाण्याची टाकी आहे ना. पाणी चोरतात लोक."

तिने टॉवेल गच्चीवर टाकला आणि फोन ठेवला.

तासाभराने तिचा फोन आला. टॉवेल पापडासारखा कडक झाला होता आणि पांढऱ्याचा विटकरी. तिने झटकला, तशी कॅमेऱ्यासमोर धूळच धूळ.

"बघा काकी, पटलं?"

"धुळीचं पटलं," आई म्हणाली. "कुलपाचं न्हाय."

बाबा हसले. "तुला तर आपल्या होडीचंबी पटत न्हाय."

मुलगी खोटं बोलत नव्हती, असं मला वाटलं. पण प्रत्येक प्रश्नाला तिच्याकडे उत्तर तयार होतं, आणि ते उत्तर तिचं स्वतःचं की तिला कोणीतरी दिलेलं, हे एवढ्या लांबून कसं ओळखायचं? बाजारात मासळी ताजी की शिळी, हे आई कल्ले उघडून बघते. माझ्या हातात नुसता फोन होता.

सोमवारी मी कंपनीच्या माणसाला फोन केला. मनात चार वेळा घोकलेलं वाक्य अडखळत हिंदीत म्हटलं: सही करण्याआधी मला वडिलांबरोबर येऊन जागा बघायची आहे. होस्टेल, गच्ची, सगळं. तो म्हणाला, असं कोणी विचारत नाही. मग म्हणाला, या. जागा आठवडाभर राखून ठेवतो.

मी घरात सांगितलं तेव्हा आई जवळा पाखडत होती.

"इतक्या लगेच व्हय बोलला?"

"हो."

"कशाला बोलला असंल?"

बाबांनी होडीवर आपल्या जागी दुसरा माणूस ठरवला आणि आम्ही दोघांची तिकिटं काढली, जायची आणि परतीचीही.