चिठ्ठीवरची चाल

"लिहिलं ते खेळलं," असं म्हणून काका चाल लिहिलेल्या चिठ्ठीची चौकोनी घडी घालायचे आणि चहाच्या कपाखाली ठेवायचे. मग चाल बदलायची नाही. रात्रभर झोप लागली नाही तरी नाही.

नाहूरच्या आमच्या सोसायटीत ते समोरच्या दारात राहायचे. मूळचे वाशीमकडचे, आयुष्य भांडुपच्या एका कारखान्यात लेथवर गेलेलं. तुमच्याही मजल्यावर असं कोणीतरी असेल, ज्याच्याकडे बघून काही कळत नाही. हा माणूस दूरच्या लोकांशी बुद्धिबळ खेळायचा. पूर्वी पोस्टकार्डावर, आता वेबसाइटवर, एकेका चालीला तीन-तीन दिवस घेऊन. मोतीबिंदूमुळे त्यांना फोनवरची अक्षरं दिसत नसत, म्हणून संध्याकाळी त्यांच्या चाली टाकायचं काम माझं. मला फारसं बोलता येत नाही, त्यांना बोलणं लागत नसे. फक्त चालीचा नंबर सांगताना मी "थर्टी सेवन" म्हटलं की ते "सदतीस" म्हणायचे आणि मी तसं म्हणेपर्यंत थांबायचे.

अशा खेळात चाली सुचवणारं कॉम्प्युटरचं इंजिन वापरायची परवानगी असते. बहुतेक सगळे वापरतात. माझ्या बाबांनी एकदा विचारलं, मग तुम्हीच का मागे?

"सगळा डाव मशीनच खेळणार, तर मी काय करू? चहा टाकू?"

हरायचे मात्र सारखे. जिंकायचं नावही काढत नसत. एकदा, फक्त एकदा, स्वतःच्या डोक्याने मशीनशी बरोबरी करायची, एवढंच त्यांना हवं होतं.

मागच्या वर्षी एका परदेशी खेळाडूशी त्यांचा डाव बराच टिकला. हे काळ्यांकडून खेळत होते. एका संध्याकाळी मी चिठ्ठी उघडली, तर त्यांनी वजीर देऊन टाकला होता, आणि बदल्यात फक्त हत्ती आणि उंट. मला राहवलं नाही. ते चहा आणायला आत गेले तेवढ्यात मी फोनवरच्या इंजिनला विचारलं. उत्तर लगेच आलं. काळे हरले.

ते कप घेऊन बाहेर आले.

"काय पाहून राहिली, पोरी?"

"काका, नक्की हीच टाकू ना?"

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. "मशीनला विचारलंस."

मी मान खाली घातली. ते रागावले नाहीत. पटाकडे बघत बसले. सकाळपासून आपल्यालाही शंका येत होती, म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा चिठ्ठी फाडावी असं वाटत होतं.

"आता फाडता येत नाही. दुसरी खेळलो तर ती मशीनची होईल. टाक हीच."

मी टाकली. पुढचे कितीतरी महिने मला त्यांच्याकडे सरळ बघवलं नाही. ते डाव हरले, तर ते माझ्यामुळे.

पण ते हरेनात. प्याद्यांची भिंत उभी होती, हत्ती आणि उंट तिला धरून होते. पांढरा वजीर बाहेर गोल गोल फिरत होता, आणि आत यांचा राजा कोपऱ्यातल्या दोनच घरांत ये-जा करत होता.

"पुन्हा तीच चाल?" मी विचारायची.

"पुन्हा तीच. भिंत आहे तोवर घरातल्या घरात फिरायचं."

एक दिवस समोरच्याचा निरोप आला. मी तो मराठीत करून सांगितला: माझं मशीन अजूनही म्हणतंय की मी जिंकतोय, पण कसं ते सांगत नाही. बरोबरी मान्य आहे का?

त्यांनी निरोप दोनदा ऐकला. मी "हो" टाकायला गेले तर म्हणाले, थांब. चिठ्ठी घेतली, 'बरोबरी' असं लिहिलं, चौकोनी घडी केली, कपाखाली ठेवली. मग चहा पूर्ण संपवला.

"आता टाक."

यंदा मार्चमध्ये ते गेले. पट आमच्याकडे आहे, शेवटच्या डावाची मांडणी तशीच. आई एकही मोहरा न हलवता धूळ पुसते. कधीतरी मी ती मांडणी इंजिनला दाखवते. ते आजही म्हणतं, काळे हरले.

मी फोन उलटा ठेवते. कोपऱ्यात काळा राजा उभा आहे.