थोरल्या कार्लचा कालवा आणि माझे पेढे

न्युरेम्बर्गहून गाडीने तासाभरावर एक खेडं आहे. त्याचं नावच ग्राबेन, म्हणजे चर. हा चर बाराशे वर्षांपूर्वी कार्ल नावाच्या फ्रँक राजाने खणवला. शाळेच्या पुस्तकातला शार्लमेन तो हाच. सासरे पुण्याहून आले होते आणि त्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात झालेली. किल्ले काय कोणीही दाखवतं. मी त्यांना कालवा दाखवायला निघालो.

त्या आठवड्यात मी जरा हवेतच होतो. ऑफिसात आमचं इंग्रजीवर भागतं, माझं जर्मन बेकरीच्या काउंटरपलीकडे जात नाही. पण नवे साहेब बुधवारी मीटिंगमध्ये माझ्या पंपाच्या चाचणीवर जर्मनमधून बोलले. त्यातला एक शब्द मी पकडला. गेशाईटर्ट. आता आमच्या भागात 'गेशाईट' हा शब्द उठताबसता कानावर पडतो. गेशाईट म्हणजे हुशार, व्यवस्थित, झकास. गेशाईटर्ट म्हणजे त्याच्याही वरची पायरी असणार, हा माझा अंदाज. मी उभा राहून 'डांके', म्हणजे धन्यवाद, म्हणालो. कमरेत किंचित वाकलोही.

लग्नाच्या वेळी 'परदेशात जाऊन काय दिवे लावणार' असं विचारणाऱ्या सासऱ्यांनी त्या संध्याकाळी पुण्याला फोन लावला. "भर सभेत कौतुक झालं जावयाचं," हे वाक्य मी दाराआड उभा राहून दोनदा ऐकलं. मग त्यांनी आणलेल्या पेढ्यांचा डबा माझ्या हातात दिला. "ऑफिसात वाटा. आपली पद्धत त्यांनाही कळू दे."

वाटले. सगळ्यांनी फार गंभीरपणे खाल्ले. साहेबांनी पेढा हातात धरून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. जर्मन साहेब खांद्यावर हात ठेवतो म्हणजे बढती ठरलेलीच, असं मी घरी येऊन जाहीर केलं.

तर गाडीत मी, सासरे, बायको आणि आमची मुलगी. मुलीला मराठी सगळं कळतं, पण ती उत्तर जर्मनमध्येच देते. मी कार्लची गोष्ट रंगवून सांगत होतो. राज्य भावाबरोबर वाटून मिळालं, भाऊ लवकर गेला, मग सगळंच याचं. सॅक्सन लोकांशी वर्षानुवर्षं लढला, त्यांना तलवारीच्या धाकाने ख्रिस्ती केलं. आज त्याला युरोपचा बाप म्हणतात, आणि आमच्या या भागाला अजून फ्रँकांचंच नाव आहे.

"याला इथे कार्ल डेर ग्रोसं म्हणतात, बाबा. म्हणजे थोरला कार्ल."

"मग धाकटाही असेल की."

"असणारच," मी म्हणालो. मला काय माहीत.

"आणि हा कालवा कशासाठी?"

"ऱ्हाइन आणि डॅन्यूब, दोन्ही नद्यांचं पाणी जोडायला. जर्मन काम आहे, बाबा. पाहालच."

पाहिलं. झाडांनी झाकलेले दोन उंच बांध, मधे हिरवट पाण्याचं लांबट तळं, त्यात बदकं. कालवा थोडा पुढे जाऊन शेतात विरून गेला होता. मी घाईघाईने माहितीफलकाकडे वळलो आणि तिथे मला माझा शब्द भेटला.

"हे बघा, काय लिहिलंय. गेशाईटर्ट! म्हणजे अत्यंत हुशारीने केलेलं काम. बुधवारी साहेब माझ्याबद्दल हेच म्हणाले."

मुलगी बदकांकडे बघत होती. तिथूनच म्हणाली, "पापा, नाइन. गेशाईटर्ट हाईस्ट, एस हाट निश्त गेक्लाप्ट."

म्हणजे, जमलं नाही. फसलं.

"अरे," बायको हळू आवाजात म्हणाली, "आणि तू पेढे वाटलेस?"

मी फलकाकडेच बघत राहिलो. पाऊस, मऊ जमीन, दिवसभर उपसलेली माती रात्री पुन्हा खाली, असं बरंच काही त्यावर चित्रांसकट होतं, आणि आता ते सगळं मला कळत होतं. पुण्याला गेलेला तो फोन आठवत होता.

सासरे बांध चढून बुटाच्या टाचेने माती उकरत होते. "काठाला उतार कमी पडला," ते म्हणाले. "पुढे काय झालं राजाचं?"

"रोमला जाऊन सम्राट झाला."

"मग कालव्यापायी कोणी काढलं नाही त्याला."

"बाबा, त्याला काढणार कोण? राजा होता तो."

ते हसले नाहीत. "तुमचा पंप नेमका कुठे फसला?"

"माहीत नाही. मी डांके म्हणून बसलो."

"सोमवारी विचारा," एवढंच म्हणून ते गाडीकडे चालू लागले. परत येताना गाडीत कोणी पेढ्यांचं नाव काढलं नाही. ते जास्त लागलं.

सोमवारी साहेबांसमोर उभा राहिलो आणि इंग्रजीत विचारलं. सील गळत होतं. नव्या सीलने पुन्हा चाचणी घ्या म्हणाले. मी सुटलो म्हणून वळलो, तर त्यांनी थांबवलं. भारतात काम फसलं की तुम्ही सहकाऱ्यांना गोड देता का? इतकी सुंदर पद्धत आपण कुठे पाहिली नाही, म्हणाले. आपण घरी बायकोलाही सांगितलं.

खरं सांगायची वेळ होती. तोंड उघडलं.

"गेनाऊ," मी म्हणालो. अगदी बरोबर.

घरी सासरे दारातच होते. "काय म्हणाले साहेब?"

"सील गळत होतं."

"आणि?"

"आपली पद्धत आवडली म्हणाले," असं सांगून मी बुटाची नाडी सोडायला खाली वाकलो आणि बराच वेळ वाकूनच राहिलो.