खोक्यातल्या सायकली

सोलापुरात आमचं सायकलचं दुकान सासऱ्यांच्या काळापासूनचं. कोरोनात जो तो सायकल मागायला लागला, तेव्हा कंपनीकडं माल नव्हता. पुढं लोकांची हौस फिटली, आणि माल तेव्हा यायला लागला. आम्ही मागवला नाही तरी यायचा. घेतला नाही तर एजन्सी जाईल, एवढं कंपनीचा साहेब हसत हसत सांगायचा. गोडाऊन भरलं, मग जिना, मग घराचा हॉल. सासूबाई खोक्यांना धरून धरून बाथरूमला जायच्या.

दर खेपेला मॉडेल नवीन. कधी रंग बदललेला, कधी ब्रेकची वायर फ्रेमच्या आतून घातलेली, कधी हँडल दोन बोटं रुंद. नवीन आलं की आधीच्याचा भाव इंटरनेटवर कोसळायचा. आमची खोकी उघडण्याआधीच जुनी व्हायची.

"सगळ्यांचंच असं चाललंय," नवरा म्हणायचा. मीही गप्प बसायचे.

मग एका उन्हाळ्यात मंद्रूपच्या एक बाई भाजीच्या टेम्पोत सायकल टाकून घेऊन आल्या. लेकीला कॉलेजला जायला आमच्याकडूनच नेलेली गिअरची सायकल. मागचा गिअर ज्याला लटकतो तो बोटाएवढा तुकडा, हँगर, मोडला होता. बाकी सायकल लख्ख होती. सीटला घरी शिवलेलं कव्हरसुद्धा होतं.

"एवढं बसवून द्या की. पोरगी चालत जातीया, लई लांब पडतंय," त्या म्हणाल्या.

त्या मॉडेलची एकही सायकल आमच्याकडं उरली नव्हती. मी हॉलमधलं एक खोकं फोडलं आणि कोऱ्या सायकलचा हँगर काढला. भोकं जुळेनात. दुसरं खोकं फोडलं, त्याचा आकारच निराळा. शेवटी स्पीकरवर साहेबाला फोन लावला.

"वहिनी, ते मॉडेल बंद झालंय. पार्ट येणार नाही. कस्टमरला अपग्रेड करायला सांगा, एक्स्चेंज ऑफर आहे."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. "मंजे आता ही टाकून द्यायची व्हय?"

माझी कानशिलं तापली. घरात पाय ठेवायला जागा नाही इतक्या सायकली, आणि या बाईला बोटाएवढा तुकडा मिळत नाही. मी गिअर उतरवले, चेन तोडून आखूड केली आणि साध्या सायकलीसारखी चालेल अशी करून दिली. चढावर त्या मुलीचा दम निघणार, हे मला माहीत होतं. बाई बरं झालं म्हणून गेल्या. त्यांनी भांडायला हवं होतं.

त्याच महिन्यात एका हॉटेलात डीलरांची मीटिंग झाली. धूर सोडून, गाणं लावून नवीन मॉडेलवरचं कापड ओढलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी उभी राहिले आणि विचारलं, "दोन वर्षांपूर्वी विकलेल्या सायकलीचा हँगर तुम्ही बनवत नाही. मग ही सायकल मी कुठल्या तोंडानं विकू?"

"मॅडम, आपण जेवताना बोलू," माईकवरचा माणूस म्हणाला.

जेवताना कुणी बोललं नाही. हात धुताना एक डीलर हळूच म्हणाला, "माझंही गोडाऊन फुटायला आलंय, वहिनी."

"मग आत का बोलला नाहीत?"

त्यानं नळ बंद केला आणि गेला. मला साहेबापेक्षा त्या माणसाचा जास्त राग आला. थोडा माझाही आला, कारण इतकी वर्षं मी तेच करत होते.

पुढच्या आठवड्यात न मागवलेला ट्रक दारात आला. मी शटर ओढून पायरीवर बसले. ड्रायव्हरचा काही दोष नव्हता, त्याला चहा पाजला आणि माल तसाच परत पाठवला. नवऱ्यानं शटर परत वर केलं. संध्याकाळी म्हणाला, "एजन्सी गेली म्हणून समज."

ती गेलीच. आमच्याच रस्त्यावर पलीकडच्या दुकानाला मिळाली. तिथं आता नवा बोर्ड आहे आणि फुटपाथवर त्यांची खोकी आहेत.

आम्ही आता फक्त दुरुस्ती करतो. हॉलमधल्या सायकली विकल्या जात नाहीत, म्हणून त्या खोलून त्यांचे सुटे भाग वापरतो. एकीचा ब्रेक, एकीचं पेडल, एकीची चाकं. माणसांनी घाम गाळून बनवलेली, एकदाही रस्त्यावर न आलेली सायकल मी पान्यानं उघडते तेव्हा अजून माझे दात आवळले जातात. नवरा म्हणतो, आता सोड तो राग, धंदा बरा चाललाय. धंदा बरा चाललाय, हे खरं आहे. राग मी सोडलेला नाही.