कमळीचं गाणं पारंपरिक न्हाई

गया गेली त्याच्या चार दिस आधीची दुपार. आम्ही दोघं तुरीच्या शेंगा सोलत टीव्हीवर पिच्चर बघून राहिलो होतो. जुना, काळापांढरा, गाण्याचा आन् हसायचा. रेडिओवर गाणाऱ्या लोकांचा. त्यात एक एजंट होता. गाणाऱ्यांना रेडिओवर काम मिळवून देणारा, दोन कानांना दोन फोन लावून ओरडणारा. एक गरीब पोरगी त्याच्या कपाटात लपून बसती आन् आतून गाणं म्हणती. एजंट टेबलाखाली बघतो, छताकडं बघतो. गया पदर तोंडात कोंबून हसली.

"अवो, ह्यो तर आपला मास्तर!"

"मास्तरला एवढे केस कुठं होते?" मी म्हटलं.

शेवटाला रेडिओवाला त्या पोरीचं नाव घेतो. लोक टाळ्या वाजवतात. गयाचं हसू थांबलं. शेंग हातात तशीच.

"हिचं नाव आलं की. माझं न्हाई आलं."

मी म्हटलं, "च्या टाक."

एवढंच बोललो. ती उठून चुलीकडं गेली. चौथ्या दिवशी छातीत कळ आली आन् संपली.

आता काय झालं होतं ते सांगतो. कुणाला आवडो न आवडो.

आमची पहिली लेक कमळी. पाच महिन्यांची. करडई काढायचं काम पहाटेचं. दव हाय तोवर काटे नरम, ऊन चढलं की हात फाडतात. गया लेकराला बांधावर निजवायची आन् मालकाची करडई काढायची. त्याच सुगीत कमळी तापानं गेली. तिसऱ्या दिवशी गया परत रानात. मालक थांबत न्हाई. तिथं तिनं हे गाणं केलं.

करडईच्या काट्या, धीर धर सकाळी,
बांधाला निजली माझी तान्ही कमळी.

तिनं केलं. रोज एक कडवं वाढताना मी ह्या कानांनी ऐकलंय.

मास्तर गावोगावचे गाणारे गोळा करून रेडिओवर न्यायचा. चाळीस वर्सं झाली असतील. गयाचा आवाज त्याच्या कानावर गेला, त्यानं लातूरला घरी बोलावलं. ओसरीवर खुर्चीत एक ताई बसलेल्या, पुढं पेटी. गयाला जागा खालच्या पायरीवर. आमची वस्ती कुठली ते विचारलं, तवाच ती जागा ठरली. पाणी मागितलं तर वरून ओंजळीत ओतलं.

मास्तर म्हणाला, "आवाज बरा आहे, पण रेडिओला चालायचा नाही. ताईंना शिकव. ताई गातील. तू मागं कोरसला."

आठ दिस गयानं पायरीवर बसून शिकवलं. ताईंनी एकदा विचारलं, "ही कमळी कोण गं? त्यापेक्षा राधा घालू या का?"

"न्हाई. कमळीच."

मास्तर हसला. "राहू द्या हो. ठेक्यात बसतंय."

माझी मेलेली लेक त्याच्या ठेक्यात बसत होती. मी तिथंच उभा.

मग त्यानं कागद काढला. गायिका, ताई. गीत, पारंपरिक.

"मास्तर, हे हिनं रचलंय," मी म्हटलं.

"तुमच्यात कोण रचतं रे? मागून चालत आलेलं असतं सगळं. सही कर. नाहीतर कोरसमधूनही काढीन हिला."

मी चार बुकं शिकलेला. सही येती ह्याची लई ऐट. केली. गया म्हणाली, "काय लिवलंय?" मी म्हटलं, "लिवलंय सगळं बराबर."

गाणं लागलं त्या दिवशी सगळी वस्ती रेडिओपुढं बसली. ताईंचं नाव आलं. गीत पारंपरिक आलं. गया उठून घरात गेली. मला एका शब्दानं बोलली न्हाई. बोलली असती तर बरं झालं असतं.

दहाव्याला मास्तर आला. मोटारीतून. हातात काठी, हार. खुर्ची दिली, बसला.

"गुणी बाई होती. आमच्या कोरसमध्ये होती. मी पारंपरिक गाण्यांचं पुस्तक काढतोय. तिच्याकडची अजून काही असतील, तुझ्या सुनेला येत असतील. म्हणायला सांग. मोबाईलवर घेतो."

दहा दिस डोळ्यांना पाणी आलं नव्हतं. मी खुर्चीपुढं जाऊन उभा राहिलो.

"मास्तर, कमळी कोण?"

"कोण कमळी?"

"गाण्यातली."

"अरे, ती असतात अशी नावं लोकगीतात."

"माझी लेक हाय ती. उठा."

"काय?"

"उठा खुर्चीवरून. हार बी उचला."

सून दारात उभी होती. पावण्याला असं बोलतात व्हय, असं ती म्हणंल वाटलं. ती पुढं आली आन् मास्तरच्या हातात काठी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं रेडिओच्या कचेरीत गेलो. अर्ज माझ्या हातानं लिवला. पहिली ओळ, चाळीस वर्साखाली मी खोट्यावर सही केली. दुसरी, करडईचं गाणं माझी बायको गयाबाई हिनं रचलं, ते पारंपरिक न्हाई.

कारकुनानं वाचलं. "आजोबा, गाणं वाजतंय ना अजून? मग झालं की."

"वाजवायचं तर तिचं नाव घेऊन वाजवा. न्हाईतर बंद करा. आन् अर्जाची पोच द्या."

साहेब रजेवर हाय म्हणाला. शिक्का सापडत न्हाई म्हणाला. मी बसून राहिलो. दुपारच्याला शिक्का सापडला.

पुढच्या सोमवारी परत जाणार हाय. त्याच्या पुढच्या बी. मी मेलो तर सून जाईल. तिला तसं सांगून ठिवलंय.